जेलच्या आत कोण बघतं? खेडा खरेदीच्या काट्यावरून समजून घेऊ

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापसाची खेडा खरेदी सुरू होते. व्यापारी छोटा हत्ती घेऊन गावात येतो, काटा त्याचा, वही त्याची, आकडा सांगणारा माणूसही त्याचाच. मग गावातले जरा तयारीचे शेतकरी काय करतात, पोतं चढवायच्या आधी स्वतःच काट्यावर उभे राहतात. "माझं वजन 62 आहे भो, कालच दवाखान्यात केलंय, बघू दे तुझा काटा काय म्हणतो." आता प्रत्येक व्यापारी चोर असतो असं काही नाही, पण ज्याचा काटा त्यानेच तो बरोबर आहे म्हणून सांगायचं आणि आपण मान डोलवायची हे कोणाला पटत नाही.

जेलचं स्वतंत्र निरीक्षण म्हणजे हेच. जेल चालवणारं खातं एक, आणि आत काय चाललंय ते बघून लिहिणारा माणूस दुसरा, ज्याचा पगार, बदली, प्रमोशन त्या खात्याच्या हातात नाही. विषय मोठमोठ्या शब्दांत सांगितला जातो म्हणून लोक पुढे सरकतात, पण गाभा एवढाच आहे.

मी यात पडलो ते एका आबांमुळे. सातपुड्याच्या पायथ्याशी पाडा आहे त्यांचा, आमच्याकडे केळीच्या कामाला येतात. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पोराला विहिरीवरची केबल चोरली म्हणून धरलं. चोरली का नाही चोरली ते मला माहीत नाही आणि इथे तो मुद्दा पण नाही. पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी झाली, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, पोरगा जेलमध्ये गेला, पुढे कोर्टाने जामीन दिला. आणि पंधरा दिवसांनी आबा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "भाऊ, जामीन व्हयी ग्या, मंग पोऱ्या घर काब येत नही?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. जामीन मिळणं आणि सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्यासारख्या शिकलेल्यांना पण घरात भानगड होईपर्यंत कळत नाही. कोर्टाने सांगितलं होतं की 15 हजाराचा ऐपतदार जामीनदार आणा. जामीनदाराला सातबारा लागतो, नाहीतर घराचा उतारा, नोकरीवाला असेल तर पगाराची स्लिप. आबांकडे जमीन आहे पण ती वनपट्ट्याची, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली, जी वारसाने पोराकडे जाते पण विकता येत नाही. विकता येत नाही म्हटल्यावर तिच्यावर जामीन कोण घेणार? पाहुणे पलीकडे सेंधव्याच्या बाजूला, म्हणजे दुसरं राज्य. झालं, पोरगा चार महिने आतच.

गंमत म्हणजे, गंमत म्हणायची जीभ होत नाही पण तरी, दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालणार नाही हे म्हणणंच चुकीचं आहे असं सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच सांगून ठेवलंय. मोती राम नावाच्या एका गवंड्याची मध्य प्रदेशातली केस. त्याला 10 हजाराचा जामीन लावला होता आणि भावाचा जामीन नाकारला, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी चांगलंच खडसावलं आणि हजार रुपयाच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. म्हणजे कायदा कागदावर आपल्या बाजूने, माणूस मात्र आत, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे हे बाहेरच्या कोणाला दिसतच नाही.

आता आत नेमकं कोण असतं ते बघू, कारण कट्ट्यावर हा विषय काढला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गुन्हेगारांचे कशाला लाड करायचे?" राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2022 चा आकडा असा आहे की देशातल्या जेलांमध्ये 5,73,220 माणसं होती आणि त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. चारातले तीन. सरकारी भाषेत त्यांना न्यायाधीन बंदी म्हणतात. यातले काही पुढे दोषी ठरतील, काही निर्दोष सुटतील, पण आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही कोण कुठला. आणि जागा होती 4,36,266 माणसांची. एसटीची 44 सीटची लाल गाडी डोळ्यासमोर आणा, तिच्यात 58 जण. अमळनेर-धुळे तास-दीड तास कसंतरी निघून जातं, इथे तशा गाडीत रात्री झोपायचंय, सकाळी त्याच रांगेत संडासला जायचंय, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास गेला की त्याच बरॅकमध्ये दुपार काढायचीय.

बरं, जो पक्का कैदी आहे, खुनात जन्मठेप लागलेला, त्याचं काय? त्याला कोर्टाने शिक्षा दिलीय ती आत राहण्याची. मार खाण्याची, खरूज होऊन पडण्याची, छातीत दुखत असताना "उद्या बघू" ऐकण्याची शिक्षा निकालपत्रात लिहिलेली नसते. मला वाटतं हा मुद्दा इथेच संपतो, यावर जास्त वाद घालायची गरज नाही.

जुनी गोष्ट एक सांगतो. इंग्लंडमध्ये जॉन हॉवर्ड नावाचा एक गृहस्थ 1773 मध्ये बेडफर्डशायरचा शेरीफ झाला, म्हणजे तिथलं जेल ज्याच्या जबाबदारीत येतं तो अधिकारी. आधीचे शेरीफ जेलकडे फिरकायचे नाहीत, हा स्वतः जाऊन बघायला लागला. तर काय दिसलं, कोर्टाने निर्दोष सोडलेली माणसं आतच बसलेली, कारण तेव्हा जेलरला पगार नसायचा, कैद्यांकडून फी घेऊन तो पोट भरायचा, आणि ज्याच्याकडे फी द्यायला पैसे नाहीत त्याला सोडायचा नाही. मग हा माणूस घोड्यावरून गावोगावची जेलं बघत फिरला आणि सगळं लिहून काढलं. अडीचशे वर्षं झाली याला. आबांच्या पोराचं बघून झाल्यावर हे वाचलं की कसंतरीच होतं.

त्याच इंग्लंडमध्ये आज प्रत्येक जेलला एक स्वतंत्र निरीक्षण मंडळ असतं. गावातलेच साधे लोक, रिटायर मास्तर, नर्स, दुकानदार, बिनपगारी. ते न सांगता कधीही जेलमध्ये जाऊ शकतात, कुठल्याही बरॅकमध्ये शिरू शकतात, कैद्याशी स्टाफच्या कानाआड बोलू शकतात आणि दरवर्षी जो रिपोर्ट लिहितात तो मंत्र्याला जातो आणि सगळ्यांना वाचायला मिळतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात तर एका बिनसरकारी संस्थेला 1846 पासून कायद्याने जेल तपासायचा अधिकार आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये कैद्यांना कसं वागवायचं याचे नियम नव्याने केले, त्यांना मंडेलांचं नाव दिलं, त्यात पण सरळ लिहिलंय की खात्याची स्वतःची तपासणी वेगळी आणि बाहेरच्या स्वतंत्र माणसांची वेगळी, दोन्ही लागतात. छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली पण त्याला पक्की मान्यता अजून दिलेली नाही. आणि न सांगता जेल तपासू देण्याचा त्याला जोडलेला जो दुसरा करार आहे, 2002 चा, त्यावर तर सहीच नाही.

मग आपल्याकडे काहीच नाही का? आहे ना, म्हणून तर लिहायला बसलो.

जेल हा राज्याचा विषय आहे आणि आपल्या जेलच्या व्यवस्थेत इंग्रजांच्या काळापासून 'अभ्यागत' नावाची एक जागा आहे. शब्द ऐकून पाहुणा वाटतो पण हा चहाला आलेला पाहुणा नाही, हा तपासायला आलेला माणूस आहे. केंद्राच्या 2016 च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलप्रमाणे प्रत्येक जेलसाठी अभ्यागत मंडळ असायला पाहिजे. त्यात जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर, एसपी, आरोग्याचे आणि बांधकामाचे अधिकारी हे सरकारी लोक, आणि त्यांच्यासोबत अशासकीय अभ्यागत, म्हणजे आमदार, सामाजिक काम करणारी माणसं, बायका पण. त्यांनी जायचं, स्वयंपाकघर, दवाखाना, बरॅक बघायची, कैद्यांशी बोलायचं आणि रजिस्टरमध्ये शेरा लिहायचा. सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये डी. के. बसू प्रकरणात अशासकीय अभ्यागत नेमायचा विचार करा असं राज्यांना सांगितलं, जेलमध्ये सीसीटीव्ही बसवा म्हणून पण त्याच आदेशात सांगितलं.

कागद चांगला आहे. पण आपण सगळे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलोय ना, मग इन्स्पेक्शन आठवा. साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी सारवण, फळ्यावर सुविचार, हुशार पोरं पुढच्या बाकावर आणि आमच्यासारखे घरी. तारीख सांगून केलेल्या तपासणीत शाळा नेहमी छानच दिसते. जेलचं पण तसंच होतं, त्या दिवशी डाळ घट्ट असते. त्यात अजून एक भानगड आहे, शाळेतला पोरगा संध्याकाळी घरी तरी जातो. अभ्यागत चार वाजता येतो आणि पाचला निघून जातो, ज्याने तक्रार केली तो मात्र रात्री त्याच बरॅकमध्ये असतो, त्याच लोकांच्या हाताखाली. आता जेलर शेजारी उभा असताना "काही त्रास आहे का?" विचारलं तर कोण बोलणार? आणि नुसता जेलर नाही, जुने पक्के कैदी वॉर्डर म्हणून काम बघतात, त्यांचे पण कान असतात. म्हणून न सांगता जाणं, एकट्याने बोलणं, आणि बोलणाऱ्याला नंतर काही झालं नाही ना हे बघायला परत जाणं, या तीन गोष्टी नसल्या की बाकी सगळी तपासणी हार-तुऱ्याची.

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. शीला बारसे या पत्रकार बाईंनी परवानगी काढून मुंबईत 15 महिला कैद्यांशी बोलणं केलं, त्यातल्या 5 जणींनी सांगितलं की पोलिस लॉकअपमध्ये आम्हाला मारहाण झाली. बाईंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, त्यावर 1983 मध्ये निकाल आला. बायकांसाठी वेगळं लॉकअप, तिथे महिला पोलिस, आणि मुंबईत सेशन कोर्टाच्या न्यायाधीशांनी, जमलं तर महिला न्यायाधीशांनी, अधूनमधून अचानक जाऊन लॉकअप बघायचं. अचानक हा शब्द महत्त्वाचा. त्याच्या आधी सुनील बत्रा नावाच्या दिल्लीच्या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याचा छळ झाला म्हणून कोर्टाला चिठ्ठी पाठवली होती आणि कोर्टाने ती चिठ्ठीच याचिका मानली. आणि अगदी अलीकडे, 3 ऑक्टोबर 2024 ला, मुंबईच्याच पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल आला की जेलमध्ये जात बघून काम वाटायचं नाही. झाडू एका जातीला, स्वयंपाक दुसऱ्या जातीला असं जुन्या मॅन्युअलांमध्ये चक्क छापलेलं होतं. रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा म्हणून सांगितलं, आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजून वेगळं वागवणंही बंद. आपल्याकडे पारधी समाजाला विचारा या शिक्क्याचा अर्थ, 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये गेला पण चोरी झाली की गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते ते आपल्याला माहितीये. तर या निकालात पण कोर्टाने हे नीट होतंय का बघायला कोणाला सांगितलं? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ, दोघांनी मिळून नियमित तपासणी करायची. म्हणजे फिरून फिरून गाडी त्याच मंडळापाशी येते, जे आपल्या जिल्ह्यात आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही.

जेलवरच सगळं खापर फोडणं मला बरोबर वाटत नाही. जेल हे धरणासारखं आहे, वरून पाणी किती सोडायचं ते त्याच्या हातात नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलंय. पोलिस अटक करतात, कोर्ट जामीन देतं पण जामीनदार सापडत नाही, मग तारखेला एस्कॉर्टला माणसं नाहीत म्हणून आरोपीला नेतच नाहीत आणि तारीख पुढे. त्यात नुसता आरोपीच लटकतो असं नाही, ज्याची केबल गेली तो शेतकरी पण कामधंदा सोडून कोर्टात येऊन परत जातो. गर्दी इथून तयार होते. आणि जेलच्या स्टाफचे हाल पण काही कमी नसतात, इतक्या माणसांवर मोजके शिपाई, डॉक्टर येतो-जातो. एखाद्या चांगल्या सुपरिटेंडंटने वर दहा पत्रं लिहिली तरी हलत नाही ते काम बाहेरच्या अभ्यागताच्या एका शेऱ्याने हलू शकतं, कारण तो शेरा न्यायाधीशांच्या पण नजरेखाली जातो.

आता कामाच्या गोष्टी, ज्या आबांच्या वेळी मला माहीत असत्या तर पोरगा लवकर घरी आला असता.

कस्टडीत असलेल्या कोणालाही फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा कायद्यात कलम 12 मध्ये आहे. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, लोक अभिरक्षक म्हणून वकील बसतात, फोन नंबर 15100. जामीन होऊन 7 दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलने हे प्राधिकरणाच्या सेक्रेटरींना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार नाही मिळाला तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करायचा विचार करायचा, असं सुप्रीम कोर्टाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलं. गरीब कैद्यांसाठी केंद्राची 2023 पासूनची योजना आहे, तिच्यात कच्च्या कैद्याला जामिनाच्या रकमेसाठी आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या पक्क्या कैद्याला पैशाची मदत मिळते; 2023 च्या नियमात मर्यादा 40 हजार आणि 25 हजार होती.

फौजदारी कामकाजाचा नवीन कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 1 जुलै 2024 ला लागू झाला त्याचं कलम 479 तर पाठच करून ठेवा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला असेल, म्हणजे आधी कधी दोषी ठरलेला नसेल, आणि त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर त्याला सोडायचं, बाकीच्यांना निम्म्या काळाला जामीन. साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षं, म्हणजे पहिल्या वेळेसवाल्याला एक वर्ष झालं की हक्क सुरू. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असणाऱ्यांना हे लागू नाही. अर्ज कोणी करायचा? जेल सुपरिटेंडंटने, ही जबाबदारी कायद्यानेच त्याच्यावर टाकलीय. आणि कायद्याच्या आधीच्या केसेसना पण हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. हे दिवस मोजायला प्रत्येक जिल्ह्यात एक समिती आहे, अंडरट्रायल रिव्ह्यू कमिटी, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सोबत कलेक्टर आणि एसपी, विधी सेवा प्राधिकरणाचे सेक्रेटरी, दर तीन महिन्यांनी बसायची.

आपल्या खान्देशाचं जेलशी नातं तसं अभिमानाचं आहे. 1932 मध्ये विनोबा धुळ्याच्या जेलमध्ये होते, रविवारी रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी खाली बसून शब्द न् शब्द लिहून घ्यायचे. आत बोललेलं बाहेर आलं कारण आत लिहिणारा माणूस होता. आजच्या बरॅकमध्ये आबांच्या पोरासारखे असतात, ज्यांना वकिलाचं नाव पण धड माहीत नसतं. पोरगा सुटून आल्यावर मी विचारलं, चार महिन्यांत बाहेरचं कोणी विचारायला आलं होतं का? म्हणाला, एकदा साहेब लोक आले होते, आम्हाला लाईनीत उभं केलं, नवीन चादरी दिल्या, संध्याकाळी परत घेतल्या.

म्हणून मी आता एक काम करतोय आणि तुम्हालाही सांगतो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. जेलच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, विषय एकच, 150 शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणाने परत येतो. विचारा की आमच्या जिल्ह्याच्या जेलचं अभ्यागत मंडळ कधी नेमलं, अशासकीय सदस्य किती, मागच्या तीन वर्षांत ते कुठल्या तारखांना आले आणि अभ्यागत रजिस्टरच्या त्या पानांच्या झेरॉक्स द्या. दुसरा वेगळा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाला, की रिव्ह्यू कमिटी किती वेळा बसली, किती नावं पुढे पाठवली, त्यातले किती सुटले. कोणाचं नाव-गाव मागू नका, कैद्यांचं तर अजिबात नाही. मंडळ नेमलेलंच नाही असं उत्तर आलं तर तेच उत्तर जोडून आमदाराला आणि जिल्हा न्यायाधीशांना पत्र द्या. गावात कामाची एखादी निवृत्त नर्स किंवा मास्तर असेल, तोंडाने फटकळ असेल तर अजून चांगलं, तर तिचं नाव सदस्य म्हणून सुचवा. माहितीच्या अर्जाला दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावा, रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेवा आणि कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाला गोल करून ठेवा, तोवर उत्तर यायला पाहिजे.